समुद्री स्पिनिंग रीळ

समुद्री स्पिनिंग रीळ हे गळाच्या काठीला खालच्या बाजूने बसवले जाणारे, खाऱ्या पाण्यातील वापरासाठी बनवलेले दोर गुंडाळण्याचे यंत्र आहे. किनाऱ्यावर उभे राहून फुटत्या लाटांच्या पलीकडे गळ फेकणे, आमिष ओढत आणणे आणि गळाला लागलेला मासा दमवून जवळ आणणे ही तिन्ही कामे त्याच्या साहाय्याने केली जातात. अशा मासेमारीस इंग्रजी नावावरून सर्फ फिशिंग म्हणतात. गोड्या पाण्यातील आणि समुद्री स्पिनिंग रिळांचे कार्यतत्त्व एकच आहे. भेद आहे तो खारे पाणी, वाळू आणि मोठ्या माशाची ओढ यांपासून यंत्राचे रक्षण करण्याच्या व्यवस्थेत. त्यामुळे निवड करताना बेअरिंगांची संख्या किंवा खोक्यावर छापलेली कमाल ताकद यांपेक्षा पाणी आत शिरू न देणारी बांधणी, अडखळल्याविना सुटणारा ड्रॅग आणि देखभालीची सोय हे निकष अधिक महत्त्वाचे ठरतात.

नाव

‘रीळ’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला असून सुताचे रीळ, चित्रपटाचे रीळ या अर्थांनी तो पूर्वीपासून रूढ आहे. ‘स्पिनिंग’ हे विशेषण पाण्यात ओढताना स्वतःभोवती फिरणाऱ्या आमिषावरून पडले. या रिळात दोर फेकताना फिरकी स्थिर राहते, म्हणून त्यास स्थिर-फिरकी रीळ असेही म्हणता येते. कोकणात गळाला ‘गरी’ आणि गळ टाकून मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात. नायलॉनच्या एकपदरी दोरास महाराष्ट्रात ‘तंगूस’ हा शब्द वापरला जातो.

इतिहास

गळाने मासे धरण्याची कला दख्खनमध्ये प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचा चारा, काठी, दोर आणि गळ यांचे वर्णन आढळते. राजाच्या करमणुकीचा एक प्रकार म्हणून तेथे गळाच्या मासेमारीचा विचार केलेला आहे.

चीनमधील चित्रकार मा युआन याच्या सुमारे ११९५ सालच्या चित्रात होडीत बसलेल्या मासेमाराच्या काठीवर रीळ स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये थॉमस बार्कर याच्या १६५१ मधील पुस्तकात दोर गुंडाळण्याच्या साधनाचा उल्लेख येतो. या जुन्या रिळांत दोर सोडताना फिरकीच फिरत असे. फिरकीला गती यायला वेळ लागे आणि ती वेळीच थांबली नाही तर दोराचा गुंता होई. हलके आमिष दूर फेकणे त्यामुळे अवघड होते.

स्कॉटलंडमधील पर्थ येथील पीटर मॅलोक याने १८८४ मध्ये एका वेगळ्या रिळाचे पेटंट घेतले. फेकताना त्याची फिरकी काटकोनात वळवली जाई, त्यामुळे दोर फिरकीच्या कडेवरून आपोआप निसटे. गुंडाळताना ती पुन्हा मूळ जागी आणली जाई. यॉर्कशायरमधील कापड गिरणीमालक ॲल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या रिळात फिरकी कायमची स्थिर ठेवून दोर तिच्याभोवती गुंडाळणारा भाग फिरता केला. गिरणीतील चात्यांवरून सूत ज्या रीतीने निघते, त्याच रीतीने या रिळावरून दोर सुटतो. १९३२ मध्ये हार्डी या ब्रिटिश कंपनीच्या ‘अल्टेक्स’ रिळात दोर पकडणारी पूर्ण तारेची कमान आली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधील कार्पानो एट पाँस या कंपनीच्या ‘मिचेल’ रिळांनी हा प्रकार जगभर पोहोचवला.

या प्रसारात दोराच्या प्रगतीचाही वाटा आहे. ड्यू पाँ कंपनीने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केले आणि रेशमी व सुती दोरांची जागा हळूहळू तंगुसाने घेतली. १९९० च्या दशकात पॉलिथिलीनच्या अतिशय बळकट तंतूंपासून विणलेले दोर बाजारात आले. त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ते पुष्कळ बारीक असल्याने लहान रिळावरही लांब व मजबूत दोर मावू लागला. शिमानो व दाइवा या जपानी आणि पेन ही अमेरिकी कंपनी समुद्री स्पिनिंग रिळांच्या प्रमुख उत्पादकांत मोडतात. पेनची स्थापना १९३२ मध्ये फिलाडेल्फिया येथे झाली.

रचना आणि कार्य

स्पिनिंग रिळाचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत.

स्पूल : दोर गुंडाळलेली फिरकी. ती फेकताना व गुंडाळताना स्वतःभोवती फिरत नाही. दोर सारखा पसरावा म्हणून केवळ पुढेमागे सरकते. मासा जोरात ओढू लागला म्हणजे मात्र ती ड्रॅगच्या नियंत्रणाखाली फिरते.

रोटर व बेल : हँडल फिरवले की रोटर स्पूलभोवती फिरतो. त्यावरील तारेची कमान म्हणजे बेल. ती उघडली की दोर मोकळा होतो, मिटली की दोर पकडला जातो.

लाइन रोलर : बेलच्या टोकाशी असलेले छोटे चाक. आत येणारा ओला, खारा दोर त्यावरून वळतो. रिळाच्या सर्व फिरत्या भागांत खाऱ्या पाण्याशी सर्वाधिक संबंध याच चाकाचा येतो, म्हणून बहुधा तेच आधी जाम होते.

दंतचक्रे : हँडलला जोडलेले मोठे चक्र आणि रोटरला जोडलेले लहान चक्र. त्यांच्या दात्यांच्या प्रमाणास गिअर गुणोत्तर म्हणतात.

उलटगती-रोधक : हँडल मागे फिरू न देणारे एकदिशा बेअरिंग.

ड्रॅग : स्पूलला लागून असलेल्या चकत्यांचा घर्षण-ब्रेक. ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की चकत्या घसरतात आणि दोर तुटण्याऐवजी सुटत जातो. या चकत्या फेल्टच्या किंवा कार्बन तंतूंच्या असतात.

निवडीचे निकष

आकार व दोराची क्षमता

रिळाचा आकार २५००, ४०००, ६०००, ८००० अशा अंकांनी सांगितला जातो. हे अंक कोणत्याही प्रमाण मापनावर आधारलेले नाहीत. एका कंपनीचे ५००० क्रमांकाचे रीळ दुसऱ्या कंपनीच्या ४००० एवढे असू शकते. म्हणून अंकांऐवजी वजन, स्पूलचा व्यास आणि दोराची क्षमता यांची तुलना करणे योग्य ठरते.

क्षमता बहुधा तंगुसाच्या जाडीवरून दिलेली असते. विणलेला बारीक दोर वापरायचा असल्यास ती नव्याने काढावी लागते. लांबी ही जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. उदाहरणार्थ, ज्या स्पूलवर ०.३५ मिमी जाडीचे २०० मीटर तंगूस मावते, त्यावर ०.२३५ मिमी जाडीचा, म्हणजे जपानी मापाने २ क्रमांकाचा विणलेला दोर सुमारे ४४० मीटर मावेल. किनाऱ्यावरील मासेमारीस २०० ते ३०० मीटर दोर सहसा पुरतो. उरलेली जागा तळाशी स्वस्त तंगूस गुंडाळून भरता येते. तळाच्या तंगुसाचा दुसरा उपयोग असा की, गुळगुळीत विणलेला दोर नुसत्या धातूच्या स्पूलवर घसरतो, तो तंगुसावर घसरत नाही.

स्पूल काठोकाठ भरू नये आणि फार रिकामे ठेवू नये. कडेपासून सुमारे दीड ते तीन मिमी जागा सोडणे इष्ट असते. कमी भरलेल्या स्पूलवर दोर कडेला घासून फेक आखूड पडते. जास्त भरलेल्या स्पूलवरून दोराची वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. केवळ लांब फेकीसाठी बनवलेल्या रिळांचे स्पूल मोठ्या व्यासाचे, लांबट आणि पुढे निमुळते असतात.

गिअर गुणोत्तर आणि ओढीची लांबी

५.७:१ याचा अर्थ हँडलच्या एका फेऱ्यात रोटर ५.७ वेळा फिरतो. परंतु किती दोर आत येतो हे स्पूलच्या व्यासावरही अवलंबून असते. दोर भरलेल्या स्पूलचा व्यास ५५ मिमी व गुणोत्तर ५.७ असल्यास एका फेऱ्यात सुमारे ९८ सेंमी दोर येतो. व्यास ६५ मिमी व गुणोत्तर केवळ ४.९ असल्यास सुमारे १०० सेंमी येतो. म्हणजे कमी गुणोत्तराचे मोठे रीळ जास्त गुणोत्तराच्या लहान रिळाइतकेच वेगवान असू शकते. उच्च गुणोत्तर कृत्रिम आमिष जलद ओढण्यास सोयीचे असते. मात्र जड शिसे व मोठा मासा ओढताना हँडलवर अधिक जोर द्यावा लागतो. तळाशी आमिष ठेवून वाट पाहण्याच्या पद्धतीत मध्यम किंवा कमी गुणोत्तर पुरेसे असते.

ड्रॅग

खोक्यावर १०, १५ किंवा २० किलो अशी ड्रॅगची कमाल क्षमता ठळकपणे छापलेली असते. प्रत्यक्षात ड्रॅग दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या चतुर्थांश ते तृतीयांश इतका ठेवण्याचा प्रघात आहे. १० किलो ताकदीच्या दोरास अडीच ते सव्वातीन किलो ड्रॅग पुरतो. म्हणजे छापील कमाल क्षमतेचा मोठा भाग किनाऱ्यावर कधी वापरातच येत नाही. महत्त्व आहे ते ड्रॅग सुरुवातीला अडखळण्याला. स्थिर स्पूल हलू लागताना झटका बसला तर त्याच क्षणी दोर तुटतो.

दोर जसजसा बाहेर जातो तसतसा स्पूलवरील वेढ्यांचा व्यास कमी होतो आणि ड्रॅगची मूठ न फिरवताही ओढीला लागणारे बल वाढते. त्रिज्या ३० मिमीवरून २० मिमीवर आली तर अडीच किलोचा ड्रॅग पावणेचार किलोइतका होतो. काठीच्या कड्यांवरील घर्षण त्यात आणखी भर घालते. मोठा मासा लांब पळाल्यावर ड्रॅग घट्ट केल्यास दोर तुटण्याची शक्यता म्हणूनच वाढते. चकत्या खाऱ्या पाण्यापासून सीलबंद आहेत किंवा नाहीत हेही पाहावे लागते, कारण फेल्टच्या चकत्यांत मीठ सुकले की ड्रॅग अडखळू लागतो.

जलरोधकता

विद्युत उपकरणांसाठी ठरवलेली आयपी संकेतपद्धती काही रिळांनाही लावली जाते. त्यात आयपीएक्स-५ म्हणजे पाण्याच्या झोतापासून संरक्षण, आयपीएक्स-६ म्हणजे जोरदार झोतापासून संरक्षण आणि आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास बुडाले तरी संरक्षण होय. या चाचण्या सामान्यतः नव्या उपकरणावर आणि गोड्या पाण्यात केल्या जातात. कालांतराने रबरी सील झिजतात, त्यांवर वाळूचे कण बसतात आणि मूळ संरक्षण उरत नाही.

सीलबंद रिळाला मर्यादाही आहेत. सीलच्या घर्षणामुळे हँडल किंचित जड फिरते, किंमत अधिक असते आणि उघडून पुन्हा नीट बंद करणे सर्वांना जमत नाही. कमी सील असलेले पण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येणारे रीळ नियमित साफ केले तर दीर्घकाळ टिकते. निवड करताना रीळ प्रत्यक्ष कोठे वापरले जाणार हे ठरवावे लागते. कमरेइतक्या पाण्यात उतरून गळ टाकणाऱ्यास सीलबंद रिळाची खरी गरज असते. धक्क्यावर किंवा खाडीकाठी कोरड्या जागी उभ्या राहणाऱ्यास तोच खर्च चांगल्या दोरावर आणि वार्षिक देखभालीवर करणे अधिक फायद्याचे असते.

बांधणीचे पदार्थ

रिळाचे शरीर ॲल्युमिनियमचे, कार्बन तंतूमिश्रित प्लॅस्टिकचे किंवा मॅग्नेशियमचे असते. प्लॅस्टिक गंजत नाही व हलके असते. पण जोराच्या ओढीखाली ते किंचित लवते आणि दंतचक्रांची जुळणी बिघडू शकते. ॲल्युमिनियम कणखर असते. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा हलके, परंतु त्यावरील लेप खरवडला गेल्यास खाऱ्या पाण्यात ते झपाट्याने झिजते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात व ते विजेचे चांगले वाहक असते. रिळात ॲल्युमिनियम, पितळ आणि पोलाद एकमेकांना लागून असतात. भिन्न धातूंच्या मध्ये खारे पाणी साचले की सूक्ष्म विद्युत-घट तयार होतो व त्यांतील अधिक क्रियाशील धातू, बहुधा ॲल्युमिनियम, झिजू लागतो. स्क्रूच्या भोवती दिसणारी पांढरी भुकटी ही या क्रियेची खूण आहे. गंजरोधक पोलादाची बेअरिंगेही पूर्णतः गंजमुक्त नसतात.

बेअरिंगांची संख्या

‘९+१’ अशा लेखनात शेवटचा १ हा उलटगती-रोधक बेअरिंगाचा असतो. जास्त बेअरिंगे म्हणजे अधिक चांगले रीळ हा समज समुद्री वापरात टिकत नाही. प्रत्येक उघडे बेअरिंग हे गंजण्याचे आणखी एक ठिकाण असते. मुख्य दंतचक्र, लहान चक्र आणि लाइन रोलर येथील मोजकी पण संरक्षित बेअरिंगे संख्येपेक्षा महत्त्वाची असतात.

बेल

काही रिळांत हँडल फिरवताच बेल आपोआप मिटते. जड शिसे जोराने फेकताना ती मध्येच मिटली तर दोर तुटून शिसे गोळीसारखे सुटते. म्हणून मोठ्या समुद्री रिळांपैकी काहींत बेल हातानेच मिटवावी लागते, तर काहींत बेलच नसते. आपोआप मिटणारी बेल असली तरी ती हाताने मिटवण्याची सवय दोराचा पीळ व सैल वेटोळी टाळते. ड्रॅग घसरत असताना हँडल फिरवत राहिल्यासही दोराला पीळ पडतो. ५:१ गुणोत्तराच्या रिळात अशा प्रत्येक फेऱ्यागणिक दोराला पाच पीळ बसतात.

कोकण किनाऱ्यावरील वापर

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी परंपरेने ७२० किलोमीटर सांगितली जाते. त्यावर सपाट पुळणी, खाड्यांची मुखे, कातळ व धक्के अशा भिन्न जागा एकमेकांलगत आढळतात. जागेनुसार रिळाची निवड सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे केली जाते.

खाडीचे मुख व धक्का : ३००० ते ४००० क्रमांकाचे, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे रीळ आणि आठ-नऊ फुटी काठी. जिताडा, तांबोशी व शिंगाळा हे येथील परिचित मासे आहेत. तांबोशी व गोबरा गळाला लागताच खडकाच्या कपारीकडे धाव घेतात. अशा ठिकाणी लांब दोरापेक्षा पहिल्या काही मीटरांतील ड्रॅगची पकड अधिक कामी येते.

पुळण : ५००० ते ६००० क्रमांकाचे रीळ आणि दहा ते बारा फुटी काठी. दिवेआगर, श्रीवर्धन, गुहागर यांसारख्या सपाट किनाऱ्यांवर लाटा दूरवर फुटतात, त्यामुळे लांब फेक आवश्यक असते. रावस व पाकट हे येथे मिळणारे मासे होत. कोळंबी किंवा बोय माशाचे तुकडे आमिष म्हणून लावले जातात.

कातळ : ८००० व त्यापुढील क्रमांकाचे रीळ, जाड दोर व मजबूत काठी. खोल पाण्यालगतच्या कातळांवर कोकरासारखा ताकदवान मासा अपेक्षित असल्यासच याची गरज भासते. असे रीळ ६०० ग्रॅमहून जड असू शकते आणि दिवसभर फेकत राहणाऱ्याचा हात त्याने भरून येतो.

एकच रीळ घ्यावयाचे असल्यास मधला, ५००० च्या आसपासचा आकार खाडी व पुळण या दोन्ही ठिकाणी चालतो.

जड शिसे फेकताना मुख्य दोराच्या पुढे जाड तंगुसाचा लीडर बांधला जातो. शिशाच्या दर २८ ग्रॅममागे सुमारे साडेचार किलो ताकद असा त्याचा ढोबळ नियम आहे. ११० ग्रॅमच्या शिशासाठी त्यानुसार सुमारे १८ किलो ताकदीचा लीडर लागतो. फेकताना लीडरचे काही वेढे स्पूलवर असावेत, म्हणजे फेकीचा सारा ताण बारीक दोरावर न येता लीडरवर येतो.

घाटमाथ्यावरील वापरकर्ते

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील चांदे यासारखी गावे सह्याद्रीच्या पूर्वेस आहेत. येथून किनाऱ्याकडे जाण्याचा एक मार्ग पौड, मुळशी व ताम्हिणी घाटातून माणगावला उतरतो. माणगावहून पुढे म्हसळ्यामार्गे दिवेआगर व श्रीवर्धन गाठता येते. घाटावरील गळकरी धरणे, तलाव व नद्या यांच्या गोड्या पाण्यात सरावलेला असतो आणि त्याच्याकडील रीळही बहुधा त्याच वापराचे असते.

गोड्या पाण्याचे रीळ समुद्रावर मुळीच चालत नाही असे नाही. परंतु त्यास लागणाऱ्या काळजीत फरक पडतो. किनाऱ्यालगत राहणारा मनुष्य मासेमारी संपताच रीळ धुऊ शकतो. घाट चढून घरी पोहोचणाऱ्याच्या रिळात मधल्या काही तासांत पाणी सुकून मिठाचे स्फटिक तयार झालेले असतात. मीठ हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे कोरडे वाटणारे रीळ पावसाळ्याच्या दमट हवेत कपाटात पडल्या पडल्याच गंजत राहते व पुढच्या हंगामात हँडल फिरेनासे होते. या कारणाने दूरहून येणाऱ्यांनी गोड्या पाण्याची बाटली व फडके सोबत ठेवून परतीचा प्रवास सुरू करण्यापूर्वीच रीळ पुसणे हितावह मानले जाते. क्वचित वापरासाठी फार महागडे रीळ घेण्यापेक्षा मध्यम किमतीचे, सुटे भाग मिळणारे रीळ घेऊन ते काळजीने राखणे व्यवहार्य ठरते.

देखभाल

प्रत्येक वापरानंतर ड्रॅग पूर्ण घट्ट करून रिळावरून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. ड्रॅग घट्ट केल्याने चकत्यांमध्ये पाणी शिरत नाही. रीळ बादलीत बुडवू नये व त्यावर जोराचा झोत मारू नये. दोन्ही प्रकारांत बाहेरचे मीठ व वाळू आत ढकलली जाते. नंतर मऊ फडक्याने पुसून रीळ सावलीत वाळवावे आणि ड्रॅग सैल करून ठेवावा. दीर्घकाळ घट्ट ठेवल्यास चकत्या दबून एकमेकींना चिकटतात.

लाइन रोलर, बेलचे सांधे व हँडलची मूठ यांना अधूनमधून रिळाच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा. दंतचक्रांना तेल नव्हे तर ग्रीस लागते. उलटगती-रोधक बेअरिंगात जाड ग्रीस गेल्यास त्याचे रोलर घसरतात आणि हँडल मागे फिरू लागते. नियमित वापराच्या रिळाची वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, पूर्ण सफाई करणे योग्य असते.

मासेमारी करताना रीळ वाळूवर टेकवू नये. वाळूत रोवलेल्या पीव्हीसी नळीच्या तुकड्यात काठी उभी ठेवल्यास रीळ जमिनीपासून वर राहते.

वापरलेले रीळ घेताना हँडल सावकाश फिरवून खरखर जाणवते का, लाइन रोलर बोटाने सहज फिरतो का, स्क्रूभोवती पांढरी भुकटी आहे का आणि हाताने दोर ओढल्यावर ड्रॅग झटक्याविना सुटतो का, या चार गोष्टी पाहिल्या जातात. नव्या रिळाच्या बाबतीत सुटे भाग व दुरुस्तीची सोय भारतात उपलब्ध आहे का, ही चौकशी खरेदीपूर्वीच करावी लागते.

सुरक्षितता

कोकणात दिवसातून दोन वेळा भरती येते व तिची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली असता भरतीची अंदाजे वेळ मिळते, असा पारंपरिक हिशेब आहे. अष्टमीला तो सहाच्या सुमाराची वेळ देतो. स्थलपरत्वे यात फरक पडतो, म्हणून छापील भरती-कोष्टक पाहणे आवश्यक असते. अमावास्या व पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. मुंबईत उधाणाच्या काही दिवशी साडेचार मीटरहून उंच भरती येते. ओहोटीला चालत गाठलेला कातळ उधाणाच्या भरतीत चहूबाजूंनी पाण्याने वेढला जाऊ शकतो. परतीची वाट बुडण्याआधी तेथून निघणे हाच यावरील उपाय आहे.

रिळाशी थेट निगडित असे तीन धोके आहेत. ड्रॅग पूर्ण आवळून कातळाच्या कडेवर उभे राहिल्यास मोठ्या माशाच्या झटक्याने तोल जाऊ शकतो. विणलेला दोर तळहाताभोवती गुंडाळून ओढल्यास तो त्वचेत खोल रुततो. अडकलेला दोर काठीने न ओढता जाड काठीच्या तुकड्याभोवती गुंडाळून तोडतात. फेकताना लीडर तुटल्यास सुटलेले शिसे जीवघेणे ठरू शकते, म्हणून मागे व बाजूला कोणी नाही हे पाहूनच फेक घेतली जाते. कार्बन तंतूंची काठी विजेची वाहक असल्याने विजा चमकू लागताच मासेमारी थांबवणे आवश्यक असते.

कायदा व पर्यावरण

राज्यातील समुद्री मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये होते व त्यात २०२१ मध्ये सुधारणा करण्यात आली. पावसाळ्यातील मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी असते. तथापि हाच काळ अनेक माशांच्या प्रजननाचा आणि किनाऱ्यावर सर्वाधिक धोक्याचा असतो. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान निश्चित केले. त्याहून लहान मासा गळाला लागल्यास ओल्या हाताने गळ काढून तो पाण्यात परत सोडणे सोपे असते. जाळ्यात एकाच वेळी शेकडो मासे सापडतात. गळाने मात्र एकेक मासा हाती येत असल्याने ही निवड गळकऱ्याला शक्य होते. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात मासेमारीस जाण्यापूर्वी तेथील निर्बंध जाणून घेणे आवश्यक आहे.

तुटलेला दोर समुद्रात वर्षानुवर्षे कुजत नाही. कासवे, पक्षी व मासे त्यात अडकून मरतात. मंडणगड तालुक्यातील वेळास व दापोली तालुक्यातील आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. तेथे सांडलेल्या दोराचा धोका अधिक असतो. स्पूलवरून काढलेला जुना दोर लहान तुकडे करून कचऱ्यात टाकणे आणि अडकलेला दोर शक्य तितका परत गुंडाळून आणणे हा रिळाच्या योग्य वापराचाच भाग समजला जातो. दोराची जाडी जागेनुसार नेमकी निवडली व ड्रॅग हिशेबाने लावला, तर दोर तुटण्याचे प्रसंगच कमी होतात आणि तोंडात गळ व मागे दोर घेऊन निसटणाऱ्या माशांची संख्याही घटते.